अमेरिकेत न्यू जर्सीच्या हंटरडन काउंटीत पाच-सात एकर घेऊन राहावं का? आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर उन्हाळ्यात एडिसन, पिस्कॅटवे, प्लेन्सबरोकडची मंडळी आमच्याकडे येतात, मुलं कोंबड्यांच्या मागे पळतात, मोठी माणसं भेंडी तोडतात आणि चहा होईपर्यंत कोणीतरी विचारतंच, आम्हालापण असं होमस्टेड, म्हणजे थोडी जमीन आणि घरची शेती, घ्यायचंय, तुमचं हंटरडन कसंय? मग संध्याकाळ त्यातच जाते. मी आणि नवरा दोघं इथे सात एकरांवर बरीच वर्षं राहतोय, तो अजून नोकरी करतो, मी अर्धवेळ. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलं. टॅक्सचे नियम बदलत असतात, तेव्हा सही करायच्या आधी टाउनशिपच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, असेसरला (टॅक्ससाठी किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला) फोन करा म्हणजे करा.

हंटरडन नक्की आहे कसं? गाव म्हणायचं की सबर्ब?

दोन्ही. न्यू जर्सीच्या पश्चिम टोकाला, डेलावेअर नदीला लागून, काउंटीचं मुख्य गाव फ्लेमिंग्टन. २०२०च्या जनगणनेत १,२८,९४७ लोक होते, तेही सव्वाचारशेहून जास्त चौरस मैलांत. शेजारपाजारचं मिडलसेक्स यापेक्षा आकाराने लहान आणि तिथे साडेआठ लाखांवर लोक, म्हणजे फरक लक्षात येईल. रूट २०२ आणि ३१ जिथे भेटतात तिथे सगळी मोठी दुकानं आहेत, आणि तिथून दहा मिनिटं पश्चिमेला गेलात की मक्याची शेतं, गवताचे गोल गठ्ठे, घोडे. म्हणून आमच्यासारख्यांना हे सोयीचं पडतं, पगारही चालू राहतो आणि मातीही मिळते. पण याच कारणामुळे जमीन स्वस्त नाही, दोन्ही गोष्टी एकत्र पाहिजे असणारे आपण एकटे नाही आहोत.

होमस्टेड म्हणजे सरकार जमीन देतं ना?

नाही हो. तो १८६२चा कायदा होता, पश्चिमेकडच्या सरकारी जमिनींसाठी, आणि तो कधीच संपला. न्यू जर्सी मूळच्या तेरा वसाहतींपैकी, इथे तशी जमीन वाटपाला नव्हतीच. आणखी एक घोळ म्हणजे न्यू जर्सीत 'होमस्टेड बेनिफिट' नावाची प्रॉपर्टी टॅक्सची सवलत होती, तिच्या जागी आता अँकर नावाची सवलत आलीय, सर्च केलं की तेच वर येतं आणि लोक गोंधळतात. त्याचा शेतीशी काही संबंध नाही. आपण इथे बोलतोय ते एवढंच, की थोडी जमीन, भाजी, फळं, कोंबड्या, जमेल तेवढं घरचं खाणं.

नोकरी सोडून यावर घर चालेल का?

माझं स्पष्ट मत, या काउंटीत नाही. ज्यांचं चालतं ते पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे आहेत किंवा नर्सरी, घोडे, गवत, मका-सोयाबीन असं शेकडो एकरांवर करतात. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जास्त, २०२४मध्ये राज्याची घरामागची सरासरीच वर्षाला १० हजार डॉलरच्या वर गेली, आणि भेंडी-मेथी विकून तो टॅक्स, इन्शुरन्स आणि मुलांचं कॉलेज निघत नाही. एक पगार पक्का असू द्या. तो असेल तर हंटरडन फार चांगलं आहे.

मग पाचच एकर का म्हणतात सगळे?

फार्मलँड असेसमेंटमुळे. १९६४चा कायदा आहे, जमीन खरंच शेतीत असेल तर तिच्यावरचा टॅक्स बाजारभावाऐवजी शेतीच्या उत्पन्नाच्या हिशोबाने लागतो, त्यामुळे जमिनीपुरता आकडा एकदम खाली येतो. त्यासाठी सलग किमान ५ एकर शेतीत पाहिजेत, आधीची सलग दोन वर्षं ती शेतीत असली पाहिजेत, पहिल्या ५ एकरांवर वर्षाला किमान १,००० डॉलरचा माल विकलेला पाहिजे आणि पुढच्या प्रत्येक एकराला ५ डॉलर, झाडीच्या जमिनीला ५० सेंट. अर्ज, म्हणजे एफए-वन फॉर्म, आदल्या वर्षाच्या १ ऑगस्टपर्यंत जातो.

आता यात लोक फसतात ती गोष्ट सांगते. घर, अंगण, त्याच्या आजूबाजूची जागा या पाच एकरांत धरत नाहीत. म्हणजे 'पाच एकराचं घर' घेतलंत तर तुमच्या हातात शेतीसाठी चार-सव्वाचार उरतात आणि सवलत मिळतच नाही. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याचं असंच झालं, जाहिरातीत पाच एकर होते, ते खूश, आणि पहिलं बिल आल्यावर कळलं. निदान सहा बघा, सात असतील तर श्वास घ्यायला जागा राहते. घरावर आणि घराखालच्या जागेवर टॅक्स नेहमीसारखाच लागतो, ती सवलत नव्हे.

दुसरं, आधीच्या मालकाला सवलत होती म्हणून तुम्हाला आपोआप मिळेल असं समजू नका, शेती चालू राहिली पाहिजे आणि अर्ज तुम्हाला भरायला लागतो. आणि जमीन शेतीतून काढली तर रोलबॅक टॅक्स बसतो, त्या वर्षाचा आणि मागच्या दोन वर्षांचा फरक. हा टॅक्स जमिनीला चिकटतो, म्हणून खरेदीच्या कागदात तो कोण भरणार ते वकिलाकडून लिहून घ्या.

हजार डॉलरचा माल विकणं आम्हाला जमेल का?

जमतं, पण पावत्या ठेवायला लागतात. सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे गवत, जवळचा शेतकरी येऊन कापून नेतो, त्याचा माल आणि त्याची पावती धरली जाते, जमीन त्याला भाड्याने दिलेली असली तरी चालतं. पण त्याच्या बाजूने विचार करा, तीन एकरांच्या तुकड्यासाठी तो ट्रॅक्टर घेऊन कशाला येईल? आम्हाला असा माणूस मिळायला दीड वर्ष गेलं. अंडी, मध, लसूण, कटफ्लॉवर्स, जळाऊ लाकूड, हे सगळं चालतं. लसूण मी मनापासून सुचवेन, ऑक्टोबरमध्ये लावा, जुलैत काढा, हरणं तोंड लावत नाहीत आणि हातोहात विकला जातो.

आम्ही एच-वन-बीवर आहोत, घेता येईल का?

जमीन घेता येते, त्याला व्हिसा आडवा येत नाही. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असल्याचा दाखला दाखवायला लागतो, तसलं इथे काही नाही. पण स्वतः माल पिकवून विकणं हा धंदा झाला आणि एच-वनवर त्याची परवानगी नसते, हे फार गांभीर्याने घ्या. ग्रीनकार्ड येईपर्यंत जमीन स्थानिक शेतकऱ्याला भाड्याने द्यायची आणि स्वतः घरापुरतं पिकवायचं, हा रस्ता बरेच जण घेतात. तरी इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एक अंडंसुद्धा विकू नका.

कोणती टाउनशिप चांगली?

खरा प्रश्न हाच आहे. काउंटी हंटरडन आहे हे कळून तुम्हाला फारसं काहीच कळत नाही. इथे २६ वेगवेगळ्या म्युनिसिपालिटी आहेत आणि प्रत्येकीचं झोनिंग (कुठे काय बांधता-करता येतं त्याचे नियम) वेगळं, टॅक्स रेट वेगळा, कोंबड्या किती, शेड कुंपणापासून किती फूट, सगळं वेगळं.

त्यात नावांचा घोळ. क्लिंटन टाउन वेगळं, क्लिंटन टाउनशिप वेगळी. लेबनन बरो वेगळं, लेबनन टाउनशिप वेगळी. रॅरिटन टाउनशिप हंटरडनमध्ये, फ्लेमिंग्टनच्या भोवती, आणि रॅरिटन बरो पलीकडे सॉमरसेट काउंटीत. फ्रँकलिन टाउनशिप म्हटलं की आपल्याकडचे सगळे सॉमरसेटची समजतात, पण हंटरडनमध्येही एक आहे. पोस्टाचा पत्ता तर अजिबात धरू नका, पत्त्यात फ्लेमिंग्टन असेल तरी घर रॅरिटन टाउनशिपमध्ये असू शकतं, व्हाइटहाउस स्टेशन लिहिलंय ते रेडिंग्टनमध्ये, रिंगोज म्हणजे बहुतेक ईस्ट ॲमवेल. टॅक्सच्या रेकॉर्डवर म्युनिसिपालिटी बघा, ब्लॉक आणि लॉट नंबर घ्या, मगच पुढे.

तरी ढोबळ सांगायचं तर, नोकरी पूर्वेला असेल तर रेडिंग्टन, क्लिंटन टाउनशिप, रॅरिटन टाउनशिप बरी, पण तिथे जमीन महाग. मोकळी शेतं, जुनी खळी, जरा शांत पाहिजे असेल तर डेलावेअर टाउनशिप, किंगवूड, अलेक्झांड्रिया, ईस्ट ॲमवेल. टेक्सबरी देखणी आहे पण तिथली किंमत वेगळ्याच लोकांसाठी आहे. आम्ही किंमत बघून पश्चिमेकडे गेलो आणि पाणी काय असतं ते तिथे शिकलो.

पाण्याचं काय? विहीर असते ना?

बहुतेक ठिकाणी हो, खोल बोअर मारलेली. शांतपणे वाचा, कारण मला विचारलंत तर जमीन निवडताना पहिलं पाणी, मग माती, मग टाउनशिपचे नियम आणि सगळ्यात शेवटी किचन. लोक बरोब्बर उलटं करतात.

दोन गोष्टी बघायच्या, पाणी किती आणि पाणी कसं. किती हे खालच्या खडकावर आहे. लाल शेल (थराथरांचा खडक) असेल तिथे साधारण बरं लागतं. पण किंगवूड, डेलावेअर टाउनशिपकडच्या पठारावर खाली लॉकाटॉंग आर्जिलाइट नावाचा घट्ट करडा खडक आहे, त्यात भेगा कमी, म्हणून विहिरींना पाणी कमी. सॉवरलँड डोंगराकडे डायबेस नावाचा कठीण खडक, तिथेही तेच. घर बघताना विहिरीचं रेकॉर्ड मागा, त्यात खोली आणि मिनिटाला किती गॅलन ते असतं. मिनिटाला एक-दीड गॅलन असेल तर घराला टाकी बसवून पुरतं, पण ऑगस्टमध्ये अर्धा एकर भाजी त्यावर जगवायची म्हटलं तर नाही होत. छपराचं पाणी साठवायची सोय पहिल्याच वर्षी करा.

आता पाणी कसं. या भागातल्या खडकांत आर्सेनिक नैसर्गिकच आहे. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. न्यू जर्सीची मर्यादा ५ पार्ट्स पर बिलियन, केंद्र सरकारची १०. घर विकताना विहिरीची तपासणी करायलाच लागते, २००२पासून तसा कायदा आहे, पण लक्षात ठेवा, कायदा तपासायला लावतो, दुरुस्त करायला लावत नाही. आमचा आकडा ९ आला होता, आणि घर दाखवणारा एजंट म्हणाला, अहो दहाच्या आत आहे, काही काळजी नको. नवऱ्याने रात्री बसून राज्याची मर्यादा शोधली म्हणून कळलं. मग फिल्टर बसवायची रक्कम आम्ही किमतीतून कमी करून घेतली. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं, आणि घरातला सॉफ्टनर त्याच्यासाठी नसतो. त्याची वेगळी ट्रीटमेंट लागते, घरात पाणी शिरतं तिथेच बसवा, आणि दर वर्षी पाणी तपासून घ्या, मग निर्धास्त. माझ्या सासूबाई इथे सहा-सहा महिने राहून जातात, त्यांच्यासाठी आधी पाणी नीट केलं, बाकी सगळं नंतर.

ता. क. रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची, टेस्टही त्याच वेळी करा. क्लिंटनमध्ये १९८६ साली एका वस्तीतल्या घरांत रेडॉन प्रचंड निघाला होता, ही गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे. उपाय सोपा आहे, पाइप आणि पंखा.

सेप्टिक म्हणजे काय भानगड?

गटारलाइन नाही, म्हणून घराचं सांडपाणी आपल्याच जमिनीत मुरवायचं. जमीन पाणी पीत नसेल तर नवीन सेप्टिक फार महागात जातं. मोकळा प्लॉट घेत असाल तर सॉइल टेस्ट आणि पर्क टेस्ट (जमिनीत पाणी किती मुरतं त्याची) पास झाल्याशिवाय पैसे अडकवू नका. जुनं घर असेल तर टाकी उघडून तपासणी, आणि जमिनीत पुरलेली जुनी तेलाची टाकी आहे का तेही. ती गळकी निघाली तर जमीन साफ करायचा खर्च तुमच्या गळ्यात.

माती कशी आहे?

लाल. पहिल्यांदा नांगरलेलं शेत बघितलं तेव्हा मला महाबळेश्वरच्या वाटेवरची माती आठवली, पण जात वेगळी आहे, ही लाल शेलची, खाली खापऱ्या लागतात, कुदळ खणकन वाजते. निचरा बरा असतो पण खोली कमी. पठारावर मात्र चिकण आहे, पाऊस पडला की पाणी उभं राहतं आणि मेपर्यंत आत पाय टाकता येत नाही. उत्तरेला क्लिंटनच्या आसपास काही दऱ्यांत चुनखडीवरची छान जमीन आहे.

रटगर्स विद्यापीठाच्या माती तपासणी लॅबला नमुना पाठवा, थोडक्या पैशांत पीएच आणि सगळं कळतं. इथली माती बहुतेक आंबट असते, चुना घालायला लागतो. काउंटीत रटगर्स एक्स्टेन्शनचं (शेतीचा सल्ला देणाऱ्या विभागाचं) ऑफिस आहे, पिट्सटाउनला त्यांचं स्नायडर रिसर्च फार्म आहे, आणि तिथली माणसं नवख्यांनाही मनापासून उत्तरं देतात. आम्ही जेवढं शिकलो त्यातलं निम्मं त्यांच्याकडून.

कोंबड्या, शेळ्या, गाय ठेवता येईल?

कोंबड्या बहुतेक टाउनशिपमध्ये येतात, संख्या आणि अंतराचे नियम बघा. कोल्हे, रॅकून, कायोट आणि वरून ससाणे, सगळे टपलेले असतात. पहिल्या वर्षी आमच्या नऊ कोंबड्या एका रात्रीत गेल्या कारण आम्ही चिकन वायर लावली होती, रॅकून ती हाताने फाडतो. हार्डवेअर क्लॉथ म्हणून जाड जाळी मिळते ती लावा, आणि जमिनीत फूटभर खाली वळवा. मुलगी दोन दिवस जेवली नाही, तेव्हा हे आधीच करा.

शेळ्यांना कुंपण भक्कम पाहिजे आणि एकटी शेळी ठेवू नका, ती ओरडत राहते. गाय म्हणाल तर पुष्कळ जण विचारतात, घरचं दूध, घरचं तूप. सात एकरांत एक-दोन गाई बसतात पण रोज दोनदा धार काढायची, भारतात जायचं तर मागे कोण? आणि न्यू जर्सीत कच्चं दूध विकायला बंदी आहे, घरी प्यायचं तर प्या. आम्ही गाय घेतली नाही, मन अजून होतं, पण नोकरी करून ते पाप नको.

शेजाऱ्यांनी आवाजाची, वासाची तक्रार केली तर १९८३चा राइट टू फार्म कायदा आहे, पण तो व्यावसायिक फार्मला लागू, म्हणजे ५ एकर आणि वर्षाला २,५०० डॉलरचं उत्पादन, पाचपेक्षा कमी असेल तर ५० हजार. घरापुरत्या कोंबड्यांना त्याचं संरक्षण मिळत नाही. शेजाऱ्याला आधीच डझनभर अंडी नेऊन द्या.

हरणांचा त्रास खरंच एवढा आहे?

हो. एका रात्रीत सगळं. आठ फूट उंचीचं कुंपण, त्याच्याहून कमी नको, सहा फूट ते सहज उडी मारून येतात. बजेटमध्ये कुंपण पहिल्या वर्षीच धरा, ट्रॅक्टर नंतर. इथले लोक शिकारीला परवानगी देतात, हिवाळ्याच्या सुरुवातीला धनुष्यबाण घेऊन माणसं विचारायला दारात येतात. आम्ही शाकाहारी, आम्हाला सुरुवातीला फार जड गेलं, अजूनही आम्ही परवानगी देत नाही. पण जे देतात त्यांना मी नावं ठेवत नाही, हरणं इतकी झालीत की जंगलात नवीन रोप वर येत नाही, सगळं खाऊन टाकतात.

आणि गोचीड?

हरणांबरोबर गोचीड आलीच, आणि तिच्याबरोबर लाइम, म्हणजे गोचीड चावल्याने होणारा आजार. आशियातली लाँगहॉर्न्ड जातीची गोचीड अमेरिकेत पहिल्यांदा वस्ती करून सापडली ती २०१७मध्ये, याच काउंटीत, एका मेंढीवर. घाबरून जाऊ नका पण शिस्त पाळा. गवतातून आलं की कपडे थेट ड्रायरमध्ये, अंगभर बघायचं, मुलांच्या केसांत, कानामागे, गुडघ्यामागे. पॅंट मोज्यात खोचायची. रोज. माझ्या नवऱ्याला एकदा लाइम झालं, लवकर कळलं म्हणून गोळ्यांवर निभावलं. गोल चट्टा दिसला, किंवा उन्हाळ्यात उगाच ताप आला, तर वाट न बघता डॉक्टरकडे जा आणि गोचीड हा शब्द स्वतःहून सांगा.

आपल्या भाज्या येतात का?

येतात, आणि त्या येतात म्हणूनच इतका खटाटोप करावासा वाटतो! थंडीचा हिशोब आधी सांगते, शेवटचं गोठणारं दव (फ्रॉस्ट) साधारण मेच्या मध्यापर्यंत धरायचं, पहिलं ऑक्टोबरच्या मध्याला. अमेरिकेच्या थंडीच्या नकाशावर झोन ६बी आणि ७ए. पाऊस वर्षाला पंचेचाळीस-पन्नास इंच पण बारा महिने विखुरलेला, आपल्यासारखा चार महिन्यांचा नाही, तरी जुलै-ऑगस्टमध्ये तीन आठवडे कोरडे जातातच.

मेथी, कोथिंबीर, पालक एप्रिलमध्ये आणि परत ऑगस्टअखेर, मधल्या उन्हाळ्यात पेरलीत तर लगेच फुलावर जाते. भेंडी, गवार, वांगी, मिरची, दुधी, दोडका, कारलं, काकडी जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत भरपूर. दुधी इतके येतात की आम्ही ते टपालपेटीखाली ठेवून देतो, कोणीही न्यावेत. वेलांची रोपं एप्रिलमध्ये घरात करायची, थेट बी टाकलंत तर हंगाम पुरत नाही. अळू मोठ्या टबमध्ये येतं, थंडी पडायच्या आत कंद काढून बेसमेंटमध्ये ठेवायचे, गौरीला अळूवड्या स्वतःच्या पानांच्या होतात. आलं-हळदसुद्धा कुंडीत, फेब्रुवारीत घरात कोंब आणून. कढीपत्ता आणि शेवगा बाहेर हिवाळ्यात जगत नाही, कढीपत्ता कुंडीत ठेवून ऑक्टोबरला घरात घ्यायचा.

आंबा विसरा. सीताफळ विसरा. पण पॉपॉ लावा! हे इथलंच जंगली झाड आहे, सीताफळाच्याच कुळातलं, गर पिवळा, मऊ, केळं आणि सीताफळाच्या मधली चव, सप्टेंबरमध्ये पिकतं, आणि हरणं त्याची पानं खात नाहीत. दुकानात मिळत नाही कारण दोन दिवसांत काळं पडतं. वेगवेगळ्या रोपांची निदान दोन झाडं लावा, एकट्याला फळ धरत नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग बिया धुऊन पदराच्या गाठीत बांधल्या.

हिवाळ्यात काय हाल होतात?

बर्फापेक्षा वीज गेली की हाल. विहिरीचा पंप विजेवर, म्हणजे वीज गेली की पाणीही गेलं, हे सबर्बमधून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. २०१२च्या सँडी वादळानंतर इथे कित्येक घरांत आठवडाभर आणि त्याहून जास्त अंधार होता. जनरेटर घ्या, पंप त्यावर चालतो का ते आधी चालवून बघा. लांब ड्राइव्हवे असेल तर बर्फ काढणाऱ्याशी ऑक्टोबरमध्येच बोलून ठेवा. नदीकाठी आणि ओढ्याकाठी घर बघत असाल तर पुराचा नकाशा बघा, सप्टेंबर २०२१च्या आयडा वादळात लॅम्बर्टव्हिलला काय झालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

नोकरीला जायचं कसं? ट्रेन आहे?

रॅरिटन व्हॅली लाइनची हाय ब्रिज, ॲनंडेल, लेबनन, व्हाइट हाउस अशी स्टेशनं आहेत पण गाड्या कमी, शनिवार-रविवारी त्या रॅरिटनपर्यंतच. फ्लेमिंग्टनला ट्रेन नाही, न्यूयॉर्कची बस आहे. रोज मॅनहॅटन म्हणाल तर नको, दोन-दोन तास एका बाजूला जातात आणि मग वाफ्याला पाणी कोण घालणार. आठवड्याला दोन दिवस ऑफिस असेल तर जमतं. पिस्कॅटवे, ब्रिजवॉटर, प्रिन्स्टनकडे नोकरी असेल तर गाडीने ठीक.

प्रिझर्व्ह्ड फार्म स्वस्त मिळतंय, घ्यावं का?

स्वस्त असतं कारण त्यावर घरं बांधायचा हक्क आधीच विकून टाकलेला असतो, कायमचा. या काउंटीत तीस हजार एकरांहून जास्त जमीन अशी राखलेली आहे आणि म्हणूनच हंटरडन अजून हंटरडन राहिलंय. तुम्हाला शेतीच करायची असेल तर उत्तम सौदा. पण पुढे मुलासाठी बाजूला घर, तुकडा पाडून विकणं, असलं मनात असेल तर हात लावू नका. डीड ऑफ ईझमेंट, म्हणजे या बंधनाचा कागद, ओळ न ओळ वाचा.

उत्तरेला हायलँड्स कायदाही आहे, २००४चा, तिथल्या डोंगराळ भागातलं पाणी आणि जंगल राखण्यासाठी. त्याच्या प्रिझर्व्हेशन एरियात नवीन सेप्टिकला मोकळ्या जमिनीत २५ एकर आणि जंगलात ८८ एकर लागतात. जुन्या प्लॉटना काही सूट आहेत, पण मोकळी जमीन घेणार असाल तर ती सूट कागदावर हातात येऊ द्या.

वॉरन किंवा पेनसिल्व्हेनियात स्वस्त नाही का पडणार?

पडतं. शेजारच्या वॉरन काउंटीत चुनखडीची माती काही ठिकाणी इथल्यापेक्षा चांगली आहे. नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात की टॅक्सही कमी, तिथली क्लीन अँड ग्रीन नावाची शेतजमिनीची टॅक्स सवलत मात्र साधारण १० एकरांपासून. तुमची नोकरी पूर्ण घरून असेल तर जरूर बघा. आमचं इथे जमलं ते अंतरामुळे, ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर अर्ध्या-पाऊण तासात, देशी दुकानांचा ओक ट्री रोड तासाभरात, आणि गणपतीला लोक आमच्याकडे येतात, फार लांब झालं असतं तर आले नसते.

एकटं नाही वाटत?

पहिले दोन हिवाळे वाटलं. मुलीला शाळेत आपल्यासारखं दुसरं कोणी फारसं नव्हतं, तिला ते जाणवायचं आणि मला तिचं जाणवायचं. मग फोर-एच नावाच्या मुलांच्या क्लबमध्ये घातलं, ऑगस्टच्या फेअरमध्ये तिने तिची कोंबडी दाखवली, तिथून ओळखी झाल्या. समोरचे आजोबा, ऐंशीच्या पुढचे, जन्मभर दुधाचा धंदा केलेले, त्यांनीच मला लसूण लावायला शिकवलं आणि मी त्यांना ठेचा दिला. मुलं आठ-नऊ वर्षांच्या आत असताना आलात तर सोपं जातं, हायस्कूलमधल्या मुलाला उचलून आणू नका.

जागा बघायला कधी यावं?

सगळे ऑक्टोबरमध्ये येतात, पानं लाल-पिवळी, सगळंच सुंदर. तुम्ही मार्चमध्ये या, दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर, गमबूट घालून. एजंटला घरात थांबू दे, तुम्ही पूर्ण हद्द चालून या. पाणी कुठे साठलंय, सेप्टिकच्या बाजूला जमीन दबते का, ओढा कुठपर्यंत आलेला दिसतो, झाडांची साल हरणांनी किती उंचीपर्यंत खाल्लीय, सगळं तेव्हा दिसतं. खिशात दोन डबे ठेवा, एकात मातीचा नमुना घ्या आणि एकात स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी घेऊन उजेडात धरून बघा, लॅबला नीट नमुना नंतर पाठवालच. आणि परत जाताना आमच्याकडे चहाला या, मार्चमध्ये भाजी काही नसते पण अंडी असतात.